इरिडियम बुडाली की तरली?

सात_रस्ता

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एका कॉलेजात शिकवतो. परवा मॅनेजमेंटच्या पोरांची सादरीकरणं झाली, विषय होता 'फसलेले उद्योग'. अपेक्षेप्रमाणे इरिडियम, म्हणजे उपग्रहावरून जगात कुठूनही फोन लावून देणारी कंपनी, आलीच. मोटोरोलाची कल्पना, १९८७ साल. कंपनीतल्या एका इंजिनिअरची बायको बहामाला सुट्टीवर गेली असताना तिथून फोन लागेना म्हणून वैतागली आणि त्यातून ही योजना सुचली, हा किस्सा पोरांनी रंगवून सांगितला. पुढे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह. मे १९९७ मध्ये पहिलं उड्डाण आणि वर्षभरात सगळे वर, हा वेग तेव्हा कुणी पाहिला नव्हता. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू, पहिला फोन अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा. १३ ऑगस्ट १९९९ ला दिवाळखोरीचा अर्ज. स्लाईड संपली, टाळ्या, पुढचा गट.

मला खटकतं ते हे, की गोष्ट तिथे संपतच नाही. आज इरिडियम अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदलेली कंपनी आहे, २० लाखांच्या वर ग्राहक आहेत, २०१७ ते २०१९ मध्ये तिने जवळजवळ सगळे उपग्रह नवे करकरीत बसवले. मग पोरांना 'फसलेला उद्योग' म्हणून काय शिकवायचं? तुमच्या मते बुडाली की तरली? आणि तरली तर कशाच्या जोरावर?

पार्कचौक

पहिला नंबर माझा. सर, हुरड्याच्या दिवसात असले जड धागे काढताव होय? वाचतोय मात्र.

सनदी_लेखा

सर, आदर राखून असहमत. बुडाली म्हणजे बुडालीच.

साधारण ५ अब्ज डॉलर घालून उभा केलेला पसारा २००० च्या शेवटी अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकला गेला. रुपयाला अर्धा पैसा. ज्यांनी रोखे घेतले, समभाग घेतले, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. नंतर आली ती वेगळ्या मालकांची वेगळी कंपनी, नाव तेवढं तेच ठेवलं. सोलापुरात हे कुणी कुणाला सांगायचं? गिरणी बंद पडल्यावर लिलावात भंगाराच्या भावाने माग उचलून कुणी पुढे चार पैसे कमावले, म्हणून गिरणी तरली असं आपल्याकडचा एक तरी जुना कामगार म्हणेल का?

आणि एक गोष्ट पोरांच्या स्लाईडमध्ये नसणार. उपग्रहांची यंत्रणा बांधायचं कंत्राटही मोटोरोलाकडेच होतं. म्हणजे प्रवर्तक तोच, ठेकेदार तोच. बाकीच्या भागधारकांची अवस्था काय झाली असेल ते ओळखा.

जुनी_गल्ली

+१ सनदी_लेखा. ताळेबंद खोटं बोलत नाही. (बोलतो, पण तो वेगळा धागा.)

सात_रस्ता

@सनदी_लेखा, लिलावातला माग उचलून दुसऱ्या शेडमध्ये नेता येतो. इथे ६६ उपग्रह डोक्यावर फिरत होते, ते कुठे नेणार? मोटोरोलाची तयारी ते कक्षेतून खाली आणून वातावरणात जाळून टाकायची होती. पॅन ॲम विमान कंपनीचे माजी अध्यक्ष डॅन कोलुसी मध्ये पडले, गुंतवणूकदार जमवले आणि त्याहून महत्त्वाचं, अमेरिकेचं संरक्षण खातं ग्राहक म्हणून बांधून घेतलं. डिसेंबर २००० चा करार: दोन वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर, आणि २० हजार सरकारी माणसांना हवं तेवढं बोलायची मुभा. करार नसता तर आज हा धागाच नसता.

म्हणून मी म्हणतो, उपग्रह तेच, तंत्र तेच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

ट्रान्सपाँडर

टेलिकॉममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपण ज्याला टीव्हीची डिश म्हणतो ती बघते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटरवर बसलेल्या उपग्रहाकडे. तो पृथ्वीच्या वेगानेच फिरतो, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो. फायदा हा की तीन-चार उपग्रहांत जवळजवळ जग झाकतं. तोटा अंतराचा. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे 'हॅलो' ला 'हॅलो' ऐकू यायला अर्धा सेकंद. शिवाय इतक्या लांब सिग्नल फेकायचा तर जमिनीवर मोठी डिश लागते.

इरिडियमने उलटं केलं. उपग्रह ७८० किलोमीटरवर आणले, त्यामुळे खिशातल्या नाही पण हातातल्या फोनचा अँटेना पुरला. पण इतक्या खाली उपग्रह थांबत नाही, दर १०० मिनिटांनी पृथ्वीला फेरी मारतो. तुमच्या डोक्यावर तो दहाएक मिनिटं, मग पुढचा. बोलणं न तुटता एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे द्यायचं. त्यासाठी सहा कक्षा, प्रत्येकीत अकरा उपग्रह, आणि खरी कमाल म्हणजे उपग्रह आपसात बोलतात. पुढचा, मागचा, डावा, उजवा. फोन अंटार्क्टिकात करा, तो वरच्यावर हातोहात जाऊन हव्या त्या देशात उतरेल. त्याच काळात आलेल्या ग्लोबलस्टारचे उपग्रह नुसते आरशासारखे होते, खाली जमिनीवर केंद्र दिसत असेल तरच फोन लागे. भर समुद्रात लागत नसे.

आता बुडाली कशामुळे? रचनाच अशी की जवळजवळ सगळे उपग्रह वर गेल्याशिवाय पहिला रुपया येत नाही. मोबाईल कंपनी सोलापुरात दहा टॉवर लावून धंदा सुरू करते आणि पंढरपूरचं पुढच्या वर्षी बघते. इथे ती सोयच नाही. कल्पनेपासून सेवेपर्यंत अकरा वर्षं गेली आणि तेवढ्यात जीएसएम, म्हणजे टॉवरवरचं साधं मोबाईलचं जाळं, गावोगाव पोचलं. ज्या फिरत्या बड्या साहेबांसाठी हे सगळं केलं, त्यांच्या खिशात तोवर रोमिंगवाला छोटा फोन आला होता. इरिडियमचा फोन विटेएवढा, किंमत ३ हजार डॉलरच्या आसपास, बोलणं मिनिटाला ७ डॉलरपर्यंत, आणि घरात किंवा गाडीत बसून लागत नाही. मार्च १९९९ पर्यंत ग्राहक जेमतेम १० हजार.

पार्कचौक

३ हजार डॉलरचा फोन आणि बोलायला गच्चीवर जायचं. काय बे! आमच्या गल्लीत साध्या मोबाईलला पण गच्चीवरच जावं लागतं, ते बी दीडशेच्या रिचार्जमध्ये.

माळढोक_नान्नज

धाग्याच्या विषयाशी अर्धाच संबंध, पण राहवत नाही. 'इरिडियम फ्लेअर' कुणी पाहिलेत का?

जुन्या इरिडियम उपग्रहांना दाराएवढे तीन चकचकीत अँटेना होते. ठरावीक कोनात आले की सूर्याचा कवडसा थेट आपल्या गावावर पडायचा. आधी अंधूक ठिपका सरकताना दिसायचा, मग काही सेकंद इतका तेज की शुक्र त्यापुढे मिणमिणता. सगळ्यात मोठे उणे आठ प्रतीपर्यंत जात (आकडा जितका उणे तितकं तेज जास्त). इंटरनेटवर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की अमुक वाजून तमुक सेकंदांनी, अमुक दिशेला, असं वेळापत्रक मिळायचं. आम्ही नान्नजच्या माळाकडे जायचो, शहरातला उजेड मागे टाकून. बरोबरची पोरं घड्याळ बघून उलटी मोजणी करायची आणि शून्याला आकाशात लख्ख! नवखा कुणी बरोबर असेल तर मी मंत्र म्हटल्याचा आव आणायचो. पंचक्रोशीत माझी थोडीफार सिद्धी पसरली होती.

नव्या उपग्रहांचे अँटेना वेगळ्या घडणीचे आहेत, ते असे चमकत नाहीत. जुने एकेक करून खाली आणले. कंपनी तरली असेल हो, आमचा खेळ मात्र बुडाला.

शिवाय १० फेब्रुवारी २००९ चा अपघात. इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस-२२५१ सैबेरियावर एकमेकांवर आदळले. दोन अख्ख्या उपग्रहांची अशी ही पहिलीच टक्कर. दोन हजारांवर मोठे तुकडे मोजले गेले. त्यातले काही अजून फिरताहेत.

शेंगाचटणी

मंत्र म्हणून उपग्रह चमकवणारे बुवा!! वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

दर्यावर्दीची_सौ

आमचे 'हे' मर्चंट नेव्हीत. त्यामुळे उपग्रह कंपनी म्हटलं की आमच्या घरात इरिडियम नाही, इनमारसॅट. लग्न झालं तेव्हा जहाजावरून फोन म्हणजे कार्ड विकत घ्यायचं, मिनिटं मोजायची आणि मध्ये तो अर्धा सेकंद. मी बोलायला लागले की तिकडून त्यांचं आधीचं वाक्य यायचं. दोघं एकदम बोलायचो, मग दोघं एकदम गप्प. सासूबाईंना वाटायचं भांडण चाललंय. शेवटी 'ओव्हर' म्हणायची सवय लावून घेतली. अजून घरात तोंडातून निघतं.

ट्रान्सपाँडर यांनी लिहिलेलं आज वाचून कळलं की दोष आमचा नव्हता, ३६ हजार किलोमीटरचा होता.

माझा प्रश्न सरांना: इनमारसॅट १९७९ मध्ये जहाजांच्या सुरक्षेसाठी देशांनी मिळून काढली, १९९९ मध्ये खासगी झाली, २०२३ मध्ये व्हायासॅटने विकत घेतली. दिवाळखोरी नाही, गाजावाजा नाही. ज्या वर्षी इरिडियम कोसळली त्याच वर्षी ही खासगी होऊन चालत राहिली. वर्गात हिची गोष्ट का नाही सांगत?

सात_रस्ता

ताई, कारण सरळ चालणाऱ्या कंपनीवर पोरांना स्लाईड करता येत नाही! पण मुद्दा रास्त आहे. इनमारसॅटने आधी गिऱ्हाईक धरलं (जहाजं, ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता), मग उपग्रह वाढवले. आणि गंमत बघा, जहाजांच्या संकटसंदेशाच्या जागतिक यंत्रणेत तिची वर्षानुवर्षं मक्तेदारी होती. ती मोडली कुणी? २०२० च्या अखेरीस इरिडियमनेच. ध्रुवाजवळ स्थिर उपग्रह क्षितिजाला टेकतात, तिथे इरिडियमचे मात्र सगळ्यात दाट, कारण सगळ्या कक्षा ध्रुवांवरून जातात.

सनदी_लेखा

थोडं आपल्या बाजूचंही लिहितो, लोकांना माहीत नसतं. इरिडियमचं दक्षिण आशियासाठीचं केंद्र पुण्याजवळ दिघीला होतं. इरिडियम इंडिया नावाची कंपनी, तिच्यात आपल्या वित्तसंस्थांचा पैसा. मूळ योजना कोसळल्यावर तिने मोटोरोलाविरुद्ध पुण्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फसवणुकीची तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पुन्हा उभी केली. 'कंपनीला मन नसतं, मग फसवण्याचा हेतू कसा असेल' ही पळवाट त्या निकालाने बंद केली. कायद्याच्या पोरांना हा खटला आजही वाचावा लागतो.

तेव्हा सर, तुमच्या 'गिऱ्हाईक बदललं' या वाक्यात दिघीचे पैसे कुठे बसवायचे ते सांगा.

अक्कलकोटकर

सत्तरी ओलांडली आहे, म्हणून जुनं सांगतो, चालवून घ्या.

तुम्ही लोक उपग्रह म्हणजे १९९८ म्हणताय. आम्ही १९७५ साली पाहिला. म्हणजे त्याचा टीव्ही पाहिला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी भारताला मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, सहा राज्यांतली २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते, म्हणजे आमच्या शिवेच्या पलीकडेच. मामाचं गाव आळंद तालुक्यात. तिथून जवळच्या एका गावात शाळेपुढे जाळीची मोठी छत्री आणि पेटीत टीव्ही. संध्याकाळी गाव गोळा व्हायचं. कार्यक्रम कानडीत, शेतीचे, आरोग्याचे. आम्ही सायकलवर जायचो. सोलापूर शहरात त्या वेळी कुणाकडे टीव्ही नव्हता आणि त्या खेड्यात होता, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटायचं.

वर्ष संपलं, उपग्रह सरकवून परत नेला, पेटी बंद. गावकऱ्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. कंपनी बुडाली की तरली हे तुम्ही ठरवा, आमच्यासाठी प्रश्न असायचा तो 'उद्या चालू असेल का' एवढाच.

दर्यावर्दीची_सौ

काका, अजून लिहा ना. यावर वेगळा धागा काढा.

गड्डा_यात्रा

अवांतर प्रश्न. माझे साडू दुबईला असतात. म्हणतात येताना थुरायाचा सॅटेलाईट फोन आणतो, शेतावर कामी येईल. आणू देऊ का?

ट्रान्सपाँडर

नको. नको. नको.

भारतात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम दोन्ही इथे चालत नाहीत. सरकारमान्य मार्ग म्हणजे बीएसएनएलतर्फे मिळणारा इनमारसॅटचा फोन, तोही परवानगी घेऊन. ट्रेकवाले गळ्यात अडकवतात ते गार्मिनचं इनरीच यंत्रही इरिडियमवरच चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला त्यापायी पोलिसांकडे जावं लागलं.

पार्कचौक

आता सोलापूरहून गोव्याला विमान आहे. साडूंना सरळ तिकडूनच यायला सांगा, मज्जा येईल.

बाराबंदी

मला वाटतं इरिडियम एकटी नाही, हा या धंद्याचा रिवाजच आहे. ग्लोबलस्टार २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आज आयफोनचे संकटसंदेश तिच्याच उपग्रहांवरून जातात. उपग्रहावरून इंटरनेट देणारी वनवेब मार्च २०२० मध्ये दिवाळखोर. ब्रिटिश सरकार आणि आपली भारती (एअरटेलवाली) यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून घेतली. मग युक्रेन युद्ध, रशियाने बैकानूरच्या उड्डाणतळावर उपग्रह अडकवले, आणि इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटला काम मिळालं. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३, दर वेळी ३६ उपग्रह. त्याच वर्षी वनवेब युटेलसॅटमध्ये विलीन झाली.

थोडक्यात, पहिला मालक बांधतो, दुसरा मालक कमावतो.

सनदी_लेखा

@बाराबंदी, दुसऱ्याची कमाईही तपासून घ्या. इरिडियमची नवी पिढी म्हणजे सुमारे ३ अब्ज डॉलरचा खर्च. त्यातल्या १.८ अब्जांच्या कर्जाला फ्रान्सच्या सरकारी निर्यात-विमा संस्थेची हमी, कारण उपग्रह थालेस अलेनियाकडून घेतले. स्पेसएक्सला ४९.२ कोटी डॉलरचं कंत्राट २०१० मध्ये दिलं, तेव्हा ती कंपनी नवखी होती. आठ उड्डाणांत ७५ उपग्रह गेले, सगळं नीट झालं, म्हणून आज आपण कौतुक करतोय. पहिल्या वेळी भागधारक मेले, दुसऱ्या वेळी दोन सरकारांनी हात धरला, एकाने गिऱ्हाईक होऊन आणि दुसऱ्याने जामीन राहून. यात 'उद्योगाचं' यश किती ते ज्याने त्याने मोजावं.

जुनी_गल्ली

सनदी_लेखा फॉर्मात आहेत. ऑडिट संपलं वाटतं.

सीनाकाठ

मी माढा तालुक्यातला, शेती करतो. धागा सगळा वाचला, बरंच डोक्यावरून गेलं. माझं साधं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आमची वस्ती पाण्याने वेढली होती. वीज गेली, मागोमाग टॉवर गेला. नातेवाईक सोलापुरात, ते फोन लावतायत आणि आमचा बंद. बोट आली तेव्हा कळलं की वस्तीवर माणसं आहेत हे पलीकडच्यांना नक्की माहीत नव्हतं. त्या वेळी एक फोन लागला असता तर मिनिटाला ७ डॉलर मी ऊस विकून दिले असते.

आता ऐकतो की राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी करार केला आणि त्यात धाराशिवचं नाव आहे, आपलं नाही. मग आम्ही काय करायचं? आणि ते पुरात चालेल का?

ट्रान्सपाँडर

सीनाकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

ते नोव्हेंबर २०२५ चं इरादापत्र आहे. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव इथल्या सरकारी संस्था, शाळा, आरोग्यकेंद्रांपासून सुरुवात, असा त्याचा रोख. स्टारलिंकला केंद्राचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. त्याआधी २०२१ मध्ये परवान्याशिवायच ९९ डॉलर घेऊन आगाऊ नोंदणी केली होती, ती दूरसंचार खात्याने परत करायला लावली. तेव्हा कुणी एजंट दारात येऊन बुकिंगचे पैसे मागितले तर देऊ नका.

पुरात चालेल का? डिशला मोकळं आकाश आणि सतत वीज लागते. इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल पाण्याच्या वर असेल तर चालेल. वेग जबरदस्त, सिनेमा बघता येईल. इरिडियमची जुनी यंत्रणा सेकंदाला २,४०० बिट एवढीच माहिती न्यायची, फोटोसुद्धा धड जात नसे. पण ती हातातल्या यंत्रावर, बॅटरीवर, भर पावसात चालते, कारण तिची वारंवारता कमी आहे आणि पावसाने ती फारशी अडत नाही. 'आम्ही सातजण छतावर आहोत' एवढं सांगायला २,४०० बिट पुष्कळ झाले. असलं यंत्र निदान तहसील आणि मोठ्या ग्रामपंचायतीत तरी मान्य मार्गाने ठेवायला हवं, असं माझं मत.

सात_रस्ता

@सनदी_लेखा, दिघीचं उत्तर माझ्याकडे नाही आणि वर्गात ते सांगितलंच पाहिजे, खटल्यासकट. 'तरली' हा शब्द भागधारकांसमोर उच्चारायची माझी हिंमत नाही.

पण सीनाकाठ यांचं वाचून मूळ मुद्दा जास्तच पटला. इरिडियमने धंदा मांडला बड्या साहेबासाठी, ज्याच्याकडे दहा पर्याय होते. ती चालली ती ज्यांच्याकडे एकही पर्याय नाही त्यांच्यावर: सैनिक, खलाशी, वैमानिक, ध्रुवावरचे संशोधक. आणि आता तर तिचे बहुतेक ग्राहक माणसंही नाहीत. कंटेनर, बॉयलर, समुद्रातले तरंगते मापक, दिवसातून दोनदा चार आकडे पाठवणारी यंत्रं. पुढच्या सत्रात मी विषयाचं नाव बदलतोय. 'चुकलेलं गिऱ्हाईक' असं ठेवीन म्हणतो.

सनदी_लेखा

नाव बदला. मार्क कापताना ताळेबंद माझ्याकडे पाठवा.

सीनाकाठ

ट्रान्सपाँडर साहेब, आभारी आहे. एकच शंका राहिली. माझे पाहुणे परांड्याला आहेत, म्हणजे धाराशिव जिल्हा, नदीच्या पलीकडे. त्यांच्या शाळेवर ती डिश बसली तर रेंज सीनेच्या अलीकडे येईल का?

ट्रान्सपाँडर

इंटरनेट आकाशातून येईल, पण डिशपासून पुढे साधं वायफाय. शंभरेक फुटांत संपेल.

पार्कचौक

मग उन्हाळ्यात नदी आटल्यावर पात्रात जाऊन बसायचं बे. मी येतो, शेंगाचटणी घेऊन.